सवलतीतली ट्यूब

३ तारीख, सकाळी ८
वीज कंपनीचं पत्रक आलं. जुन्या ट्यूब बदलून एलईडी लावल्यास निम्मी किंमत परत. सौ.ला वीस तारखेपर्यंत चाळीस गणवेश शिवून द्यायचेत आणि मशीनवरची ट्यूब फडफडते. ती म्हणाली, कोपऱ्यावरच्या दुकानातून एक आणा आणि विषय संपवा. दूरदृष्टी उपजतच असावी लागते.

दुपारी
घरातल्या चारही ट्यूब काढल्या, पुसल्या, नंबर घातले. अर्ज टाकलाय, कंपनीचा पाहणीवाला येईल; त्याचे श्रम वाचतील.

६ तारीख
पाहणीवाला आला. म्हणाला, जुन्या ट्यूब जागेवर दिसल्या तरच नोंद होते. नंबर दाखवले. म्हणाला, छान आहेत काका, पुन्हा अर्ज करा. काका काय म्हणून?

७ तारीख
ट्यूब परत चढवल्या. नंबर तीन फुटली. मशीनवरचीच. सौ.ने काचा झाडून काढल्या. समजूतदार बाई.
आई बोलली. ते लिहीत नाही.

१० तारीख
सौ. खिडकीपाशी शिवते. सहाला उजेड जातो. कामाला शिस्त लागली.

१२ तारीख
नियम बदलले. सवलत आता फक्त दुकानांना. मेहुणा म्हणाला, भावजी, मी देतो एक ट्यूब आणून. त्याला म्हटलं, प्रश्न ट्यूबचा नाही, तत्त्वाचा आहे. शिलाईच्या खोलीची दुकान म्हणून नोंद करायला अर्ज टाकला.

१५ तारीख
नोंद मंजूर. विजेचा दरही दुकानाचा लागला. सवलत आली की भरून निघेल.

१६ तारीख
सौ.ने अंधारात एका शर्टाच्या दोन्ही खांद्यांना डावीच बाही लावली. उसवता उसवता म्हणाली, उद्यापासून मी वहिनीकडे बसते, तिथे दिसतं तरी. मेहुण्याने मशीन उचलून नेलं. मला विचार करायला शांतता मिळाली.

१९ तारीख
सवलतच बंद. कारण, एलईडी आता सगळेच वापरतात, उत्तेजनाची गरज उरली नाही. फोन केला. अर्धा तास संगीत ऐकलं. बरं होतं.

२० तारीख, संध्याकाळी
गणवेश वेळेवर पोचले. मी स्वतः जाऊन ट्यूब आणली. दुकान कोपऱ्यावरच आहे. सात मिनिटं लागली, जाऊन येऊन.
सौ.ला फोन केला. मागे मशीन चालूच होतं. म्हणाली, पुढची ऑर्डरही इथेच घेतलीय, हात बसलाय आता. पोळ्या झाकून ठेवल्यात, आईंना आधी वाढा.
ट्यूब लावली. खोली लख्ख. फरशीवर मशीनच्या पायांच्या चार खुणा आणि एक निळं बटण. बटण खिडकीत ठेवलं.
मग ट्यूब बंद केली. दर दुकानाचा आहे.