ब्लेडची तहान

३ मार्च, सकाळ
गवरीच्या सासरी स्वयंपाकघराचा ओटा मीच करणार. काळा ग्रॅनाइट, अखंड पाटी, मधोमध सिंकचं चौकोनी भोक. पोरीने सासूला सांगून ठेवलंय, माझ्या बापूंचा हात साऱ्या जालोरमध्ये कुणाला नाही. खरं तेच बोलली. तो दुसरा कारागीर करनाराम दगड कापत नाही, उंदरासारखा कुरतडतो.

संध्याकाळ
नवं डायमंड ब्लेड आणलं. दुकानदार मूलचंदने न विचारता शिकवणी घेतली: काका, पाणी सोडत राहा, जोर लावू नका, ब्लेडला आपल्या चालीने चालू द्या. मी दगड कापायला लागलो तेव्हा याचं नाक वाहत होतं. किळस येते असल्या मास्तरांची.

४ मार्च
मुलीच्या सासरचं पाणी आमच्यात बाप पीत नाही. मी घरून कॅन नेतो. आज व्याही जेठारामजींनी कटरसाठी नळाला पाइप लावून दिला. मी काढून ठेवला. ब्लेड माझं. जे मी पीत नाही ते माझं ब्लेडही पिणार नाही. व्याही हसून म्हणाले, ब्याईजी, विजेचं काय? ती तर तुमचं ब्लेड आमचीच पितंय! हसू दे. लोकांना रीतभात उरलेली नाही.
कॅन अर्ध्या कडेतच संपला. उरलेलं कोरडं कापलं. कड जरा फुटली. ब्लेड हलक्या कंपनीचं.

५ मार्च, सकाळ
बायको म्हणाली, गवरीचे बापू, चार कॅन न्या, नाहीतर शेजाऱ्यांकडे मागा. शेजारीही मुलीच्या सासरच्याच गावचे, त्यांचंही पाणी चालत नाही, एवढं हिला कळत नाही. आणि चार कॅन घेऊन मी काय हमालासारखा जाऊ?
संकल्प: जोर लावून झटपट कापायचं. वेळ कमी, पाणी कमी.

संध्याकाळ
जोर लावला. ठिणग्या उडाल्या, ब्लेडची कड लाल झाली. धूळ इतकी की स्वतःचा हात दिसेना. ती सगळी विहिणीच्या वाळत घातलेल्या पापडांवर. विहीण घुंघटाआडून गवरीला म्हणाली, विचार तुझ्या बापूंना, ओटा करताय की पीठ दळताय? चेहरा झाकलेला, जीभ उघडी. शी!

६ मार्च, सकाळ
शेवटची बाजू. आज सावकाश. मध्येमध्ये ब्लेड हवेत फिरवून गार करायचं. ही माझीच युक्ती.

दुपार
गवरी तांब्या घेऊन दारात आली. हळूच म्हणाली, बापू, निदान ब्लेडवर तरी ओता. मी ओरडलो. जरा जास्तच, तेही तिच्या सासूसमोर. ती तांब्या धरून दारातच उभी राहिली. लहानपणी मी रागावलो की अशीच उभी राहायची, जागची न हलता.
लक्ष लागेना. मग जोर लावला.

संध्याकाळ
ब्लेडचा एक दात उडाला. पाटी सिंकच्या कोपऱ्यापासून पुढच्या कडेपर्यंत तडकली. आवाज सुपारी फुटावी एवढाच. विहिणीने तड्यावरून बोट फिरवलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं. गवरी म्हणाली, सासूबाई, माझंच चुकलं, मी मध्ये बोलले आणि बापूंचा हात हलला.
खोटं! माझा हात हलत नाही. हेच सांगायला तोंड उघडलं तर धूळ घशात गेली. खोकला थांबेना, डोळ्यांपुढे अंधारी आली. गवरीने तांब्या ओठांना लावला. रिकामा झाल्यावर कळलं. मग दुसरा मागितला.

७ मार्च
व्याह्यांनी नवी पाटी आणली. करनाराम कापणार, नळाचा पाइप लावून. निरोप आला: सवड असेल तर या, पाइप धरायला माणूस हवाय. हद्द झाली निर्लज्जपणाची. जाणार नाही.

संध्याकाळ
गेलो. पाणी बरोबर ब्लेडच्या तोंडावर पडावं लागतं, ते येरागबाळ्याचं काम नाही. भोक चौकोनी, कडा साफ. गवरी नव्या ओट्यावर हात फिरवत होती, सासू शेजारी उभी. घुंघटाआडून म्हणाली, सांग तुझ्या बापूंना, पाइप छान धरतात.
मी पाइप गुंडाळून ठेवला. चहा आला, घेतला.