आबांच्या दहाव्याचा कावळा

९ जानेवारी, सिल्लोड
आबा पहाटे गेले. दोन वर्षं अंथरुणात, डावं अंग लुळं, वाचा गेलेली. बाया हंबरडा फोडून रडल्या. मला टिपूस नाही. काकू म्हणाली, "बाप गेला, धक्का बसलाय पोरीला." धक्का कसला! सुटले बिचारे, आणि सुटलो आम्ही. हेच पहिलं मनात आलं. लाज वाटतेय.

१४ जानेवारी
सुतक. तिळगूळ नाही. मला भाऊ नाही, म्हणून क्रियेला काकाच बसलेत. पाहुण्यांना सांगत होते, "वर्षाच्या आत पोरीचं लगीन उरकायचं. नाय तर तीन वर्षं थांबा." पोरगी म्हणजे मी. बी.ए.चं शेवटचं वर्ष, परीक्षा एप्रिलात. स्थळही हेरलंय, आडतवाला. सुतकात कुणाशी भांडू?

१८ जानेवारी
दहावा. नदीवर पिंड ठेवला. कावळे लिंबावर, खाली एकही येईना. काका हात जोडून, "दादा, पोरीचं लगीन याच साली करतो." ढिम्म. "बरं, मार्चातच करतो!" ढिम्म. मला हसू आवरेना, मान खाली घातली. बायांना वाटलं, रडतेय. तासभर उन्हात उभे. मग आई पुढं झाली. एवढ्या माणसांपुढं ती कधी बोलत नाही. म्हणाली, "आवं, पोरगी शिकंल तवर शिकवीन. शबूद देते."
आणि कावळा आला! भात उधळून गेला. काकांचं तोंड बघण्यासारखं. कावळ्याशी कोण हुज्जत घालणार?

२५ जानेवारी, होस्टेल, औरंगाबाद
रूममेट नसरीनला सगळं सांगितलं, रडू न आल्याचंही. तिची अम्मी गेल्या वर्षी गेली, कॅन्सरनं. ती म्हणाली, "मेरेकू बी रोना नै आया. कब्रस्तान में मिट्टी हुई, मैं सो गई. कित्ते महिनों बाद पूरी नींद. किसीकू बोली नै आजतक."
एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. मेसमध्ये चार पोळ्या खाल्ल्या, तिनं पाच.

२९ जानेवारी
शनिवार. दर शनिवारी मी सिल्लोडची बस धरायची, आज आईच आली. दोन वर्षांत पहिल्यांदा गावाबाहेर. चपला नव्या. उस्मानपुऱ्यात रस प्यायलो. म्हणाली, काका उद्या आडतवाल्यांना घेऊन येतायत, नुसतं बघायला म्हणे.
"पण कावळा..."
"त्यानं फांदी सोडलेली दिसली, तवाच तोंड उघडलं मी. आधी बोलले असते अन् नसता आला, तर?"
मी रस संपवला. मग विचारलं, "आबांच्या मनात खरं काय होतं गं?"
तिनं ग्लास खाली ठेवला. "मला तरी काय ठावं? दोन वर्षं बोलले कुठं ते."