नावाड्याचा तिसरा भाग

ता. २ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुमच्या कंपनीला काही कामधंदा आहे की नाही? टीव्हीवर खेळायचा तो नावाड्याचा एक खेळ काढलात, त्याचा दुसरा भाग काढलात, आणि तिसऱ्याचं नाव काढलं की एवढी वर्षं तोंडात मिठाची गुळणी. भोगतेय कोण, तर मी. दर सुट्टीला तुझे दाजी आणि त्यांचे ते चार दोस्त माझ्या खोलीत ठाण मांडतात. मी गिऱ्हाइकांचे पडदे कापायला कापड अंथरलेलं, आणि हे त्यावर पाय ठेवून नावाड्याचा तिसरा भाग कधी येणार यावर भांडतात. सगळ्यांची पोटं सुटली, एकाची नात शाळेत जायला लागली, तरी अक्कल आहे तिथंच आहे.

गेल्या महिन्यात तुमच्या कंपनीनं नव्या वर्षाच्या शुभेच्छांचं चित्र टाकलं. त्यात मागं भिंतीला एक वल्हं टेकवलेलं. झालं! त्यांच्यातला तो लंबू म्हणाला, हीच खूण. दाजींनी माझी टेप घेऊन वल्हं मोजलं, जुन्या खेळातल्या वल्ह्याशी ताडून पाहिलं, आणि उन्हाळ्यात खेळ येणार असं ठरवून मोकळे झाले. चहा मी केला.

हसू नकोस, पुढचं वाच. दाजींचा उजवा अंगठा कामातून गेलाय. छापखान्यात कागद सारून सारून शीर आखडली. शर्टाचं बटण मी लावते. डॉक्टर म्हणाला, आता ऑपरेशन केलं नाही तर अंगठा कायमचा जाईल. आणि हे म्हणतात, खेळ आला आणि हात प्लॅस्टरात असला तर काय करू? मिळालेली तारीख दोनदा पुढं ढकलली. डॉक्टरला कारण सांगायची मला लाज वाटते.

तू तिथं चित्रं काढतोस. खेळ येतोय की नाही, एका ओळीत लिही. बाहेर सांगता येत नाही हे मला ऐकवू नकोस. तुझं नाक पुसलंय मी, मी बाहेरची नाही.

लोभ आहेच. वाढवायला मला सवड नाही.

तुझी ताई


ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचताना आधी हसलो, नंतर हसू गेलं. ते वल्हं मीच काढलं. कोपरा मोकळा दिसत होता आणि हात सवयीनं तिकडं वळला, बाकी काही नाही. त्या वल्ह्यावर इतकी माणसं आस लावून बसतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ताई, खेळ येत नाहीये. काम सुरू झालं होतं. दोन वर्षं मी त्याच्यावरच होतो. मग वरच्यांनी बंद केलं. हल्ली मी दुसऱ्या एका खेळातल्या गाड्यांचे दिवे रंगवतो. हे बाहेर फुटलं तर माझी नोकरी जाईल, तेव्हा तुझ्यापाशीच ठेव. दाजींना काय सांगायचं ते मलाही सुचत नाही. हा खेळ मला त्यांनीच पहिल्यांदा दाखवला, त्या नादानंच मी या धंद्यात आलो. अंगठ्याचं मात्र लांबवू नका.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा धाकटा


ता. ९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

ऑपरेशन नीट झालं. तुझं पत्र मी फाडून टाकलं आणि दाजींना काही सांगितलं नाही. दवाखान्यात जाणाऱ्या माणसाच्या हातातलं काय काढून घ्यायचं? एवढंच म्हटलं, खेळ आलाच तर तुमचा अंगठा मी होईन. तेवढ्यावर गडी तयार झाला.

आता घरी बसून मला सराव करायला लावतात. ते म्हणतात डावीकडं, मी जाते उजवीकडं. माझा नावाडी इतक्यांदा बुडाला की लंबूनं मला पाणबुडीबाई नाव ठेवलंय. पडदे तसेच पडलेत. गिऱ्हाइकं दारात येऊन बोलून जातात, मी ऐकून घेते. भांडायचंही त्राण नाही.

काल दुसरा भाग संपला. नावाडी त्या बेटावरच्या घरापाशी पोचतो, दार वाजवतो. आत दिवा लागलेला. आतून कुणीतरी कडी काढतं, नुसता आवाज येतो, आणि अंधार. संपलं! मी ओरडलेच, पुढं काय म्हणून. ते पाचही जण माझ्याकडं बघून हसले. टिंगलीचं हसू नव्हतं रे. बऱ्याच दिवसांनी घरचं कुणी आलं की हसतात, तसं होतं. दाजी म्हणाले, आता तू पण आमच्यातली, तिसऱ्या भागात कळेल. मी उठले आणि आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

दमले बाबा. माहीत असून गप्प बसणं मला जमत नाही, आणि त्यांच्या तोंडाकडं पाहिलं की माझं तोंड उघडत नाही. येत्या बुधवारी प्लॅस्टर निघतंय. त्याच्या आधी तू ये आणि तुझ्या तोंडानं सांग. तुझ्याकडून ऐकलं तर ते सोसतील. पाचांपैकी एकही बाहेर बोलणार नाही, बोलला तर माझ्याशी गाठ आहे. येणं होत नसेल तर त्यांच्या नावानं लिही.

आणि मला वेगळं लिही. दोन वर्षं तू त्याच्यावर बसला होतास, म्हणजे ती कडी कुणी काढली हे तुला ठाऊक असणार. खेळ नाही तर नाही. पण आत कोण होतं ते मला बुधवारच्या आत कळलं पाहिजे.

तुझी ताई