दमलेल्या माणसाची गाडी

प्रिय सुलभा,

आज गाडी आली. अमृताला पुण्याला फोन करून सांगितलं, "बाबा, फोटो पाठवा" म्हणाली, पाठवला. माझ्या भावाला सांगायची गरजच नव्हती, वसंता गाडीतच होता. सांगायची राहिलीस ती तू. म्हणून लिहायला बसलो.

खरं तर याआधीच लिहायला हवं होतं, नाही का? तालुक्यातल्या किती जणांवर मी मृत्युलेख लिहिले! संध्याकाळी निरोप आला की अंक छपाईला जायच्या आत मजकूर तयार असायचा. तुझ्यावर मात्र श्रावणापासून एक ओळ झाली नाही. बसलो की वाक्यं येतात, नीट येतात, पण आत काही हलत नाही. मग कागद बाजूला ठेवतो. आज निदान सांगण्यासारखं काही घडलंय.

आधी तक्रार. "गाडीचं माझं ठरलंय," असं तू म्हणालीस ना त्या संध्याकाळी, भाजी निवडता निवडता? मी विचारलं, "कोणती?" तर म्हणालीस, "उद्या सांगते, आता डोकं दुखतंय." आणि सकाळी तू उठलीच नाहीस. असं कोणी करतं का गं? शोरूम तू हिंडलीस, क्लच दाबून तू बघितलेस, आणि निर्णय तेवढा सोबत घेऊन गेलीस!

शोरूममधल्या मुलीलाही मी विचारून पाहिलं. तुझा फोटो दाखवला. पूजा नाव तिचं. बराच वेळ फोटोकडे बघून म्हणाली, "सॉरी सर, रोज खूप लोक येतात." तिचं काय चुकलं?

जुनी गाडी विकली. तळाचा पत्रा कुजला होता, ते तुला माहीतच होतं. नेणाऱ्यांनी ती ढकलत रस्त्यापर्यंत नेली. मी फाटक लावलं, आत येऊन चहा ठेवला. चहा बरा झाला होता.

आणि हो, मी गाडी शिकलो! या वयात! इतकी वर्षं तुझ्या डावीकडे बसून तुला "हळू, हळू" म्हणणारा मी, मुरबाडच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये पोरापोरींबरोबर रांगेत उभा राहिलो. शिकवणारा मुलगा एकदा म्हणाला, "काका, बाकीचे घाबरतात म्हणून मी ब्रेकवर पाय ठेवतो. तुम्ही अजिबात घाबरत नाही, म्हणून ठेवतो." बरोबर होतं त्याचं. समोरून ट्रक आला तरी मला काही वाटत नव्हतं. सध्या कशानेच काही वाटत नाही. पण परीक्षा पास झालो.

शिकावं लागलंच, कारण वसंता. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, ते काही तू गेलीस म्हणून थांबणार नव्हतं. तू असताना मला त्यातलं काय माहीत होतं? तू सकाळी मुरबाडहून निघायचीस, धसईला जाऊन वसंताला आणि त्याच्या बायकोला, मंदाला, घ्यायचीस, सरळगाव, किन्हवली करत शहापूर गाठायचीस, संध्याकाळी त्यांना घरी सोडून परत यायचीस. मी विचारायचो, "बरा आहे का?" तू म्हणायचीस, "बरे आहेत." तेवढ्यावर माझं भागत होतं.

तू गेल्यावर गावातली भाड्याची जीप सुरू केली. मग मी ठरवलं, गाडी घ्यायची, रोज चालवता येईल अशी. अमृताने फोनवर तुलना पाठवल्या, कुठलीचं मायलेज किती, कुठल्या गाडीला सुरक्षेचे तारे किती. मी सगळं वाचलं. शेवटी म्हटलं, बसणार वसंता आहे, त्यालाच दाखवू. एका रविवारी दोघांना घेऊन शहापूरच्या शोरूमला गेलो.

तू तिथे असायला हवी होतीस! पूजा मोठ्या उत्साहाने एका उंच, लाल गाडीचं छत उघडून दाखवत होती. वसंता वर बघून म्हणाला, "पाऊस येल ना आत!"

"पाऊस आला की बंद करायचं, काका."

"आन उन्हाचा?"

"उन्हातपण बंदच ठेवतात."

"मंग उघडायचा कदी?"

पूजा हसली. मंदाने त्याला कोपर मारलं. मग त्याने सीटवरून हात फिरवत एकदम विचारलं, "उलटी झाली त ह्या कापड धुता येतो काय गो?" त्या पोरीने सीटच्या कापडावर बोट फिरवून पाहिलं. म्हणाली, "वरून कव्हर टाकून देऊ, काका. धुता येणारं." शिकवलेलं उत्तर नव्हतं ते. मला ती बरी वाटली.

त्या लाल गाडीत वसंता टुणकन चढला. खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाला, "दादा, हिच्यात बसलो का आमदार वाटतोय!" त्याला आवडली, मंदाला आवडली. मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या. चार चाकं, एक स्टिअरिंग. म्हटलं, ठीक आहे, हीच. आठवड्याभरात येऊन पैसे भरतो म्हणून सांगितलं.

त्याआधी डायलिसिसचा वार आला. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर गेलो. वसंता आतून बाहेर आला तो मंदाच्या खांद्यावर. चेहरा पिठासारखा. जीपच्या पायरीवर त्याने एक पाय ठेवला, दुसरा उचलेचना. ड्रायव्हरने वरून हात धरून ओढायला घेतलं, तर तो ओरडला. डावा हात होता तो, ज्यात सुया घालतात तो. मग पायरीवरच त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि तो तिथेच, दवाखान्याच्या दारात, जमिनीवर बसला. येणारेजाणारे बघत होते. तो कुणाकडे न बघता म्हणाला, "पुरे झाला. मी आता नाय यायचा."

चिडून बोलत असेल असं मला वाटलं. तुला वाटलं नसतं. पुढच्या वाराला जीप दारात जाऊन उभी राहिली आणि तो उठलाच नाही. मंदाचा फोन आला, "दादा, पाय सुजलेत, धाप लागते, तरी नाय म्हनतात. तुमी या."

एस.टी.ने धसईला गेलो. तो पडवीत भिंतीला टेकून बसला होता. मी म्हटलं, "अरे, गाडी येतेय आपली."

"नको. वैनीला वरीस नाय झाला. वरीस सरल्याबिगर दारात नवी गाडी आणायची नसते."

त्याला वर्षभर थांबायला वेळ कुठे होता? हे त्यालाही माहीत होतं. मी काही बोलायच्या आत मंदा आतून बाहेर आली. तिला इतकं मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "वरीस शोभेला असतो, गरजेला नाय! हार नका घालू, पेढे नका वाटू, नारळ नका फोडू. पन वैनींचा नाव घेऊन मरायला बसू नका. त्यांनी तुमाला ऊनपावसात ओढला तो ह्याच्यासाठी?"

त्याने सुजलेले पाय जवळ ओढून घेतले. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ती लाल गाडी घेतलीस काय?"

"पैसे भरायचे आहेत."

"नको घेऊ. जीपपेक्षा उंच हाय ती. दवाखान्यातून येत्या वक्ताला मला चढता येनार नाय."

"रविवारी तर चढलास!"

"रविवारी मी ताजा होतो, दादा. तू म्हसा गावच्या जत्रंत बैल घेतलास काय कदी? नाय ना! सकाळच्या पारी दावणीला शिंगा रंगवून उभा असतो, तवा कोन बी बघल. घेनारा त्याला जू ठेवून चालवतो, दमवतो, बसवतो, मंग उठवून बघतो. दमलेला बैल कसा उठतो ता बघायचा."

मी म्हटलं, "मग गाडी तशीच बघू. तू दमल्यावर."

"म्हंजे?"

"म्हणजे उद्या आत जायचं. बाहेर आलास की गाड्या दारात उभ्या असतील. जिच्यात तुला बसता येईल ती घ्यायची."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मंदाला म्हणाला, "बघ, बैल समजतोय मला." पण म्हणाला, "येतो."

मी पूजाला फोन केला. तिला वाटलं, सर गंमत करतायत. "सर, टेस्ट ड्राइव्ह शोरूमवरून असते. दवाखान्याच्या दारात?" मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅनेजरना विचारते." दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या फाटकापाशी एकामागोमाग तीन गाड्या उभ्या होत्या. पहिली ती स्वतः चालवत आली होती.

पहिली लांब आणि बुटकी. वसंता बसायला गेला तो खाली पडल्यासारखा बसला, आणि उतरताना दोघांना उचलावा लागला. दुसरीचं मागचं दार पुरतं उघडेना, डोकं आपटलं. तिसरी चौकोनी, पांढरी, खोक्यासारखी. रविवारी आम्ही तिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. तिची सीट आपल्या घरातल्या बाजेच्या उंचीची. तो पाठ करून टेकला, पाय आत घेतले, झालं! कुणी हात लावला नाही.

मागच्या सीटवर डावीकडे बसला होता. थोड्या वेळाने म्हणाला, "नाय, ह्या बाजूला नाय." दारामुळे डावा हात दबत होता, पट्टाही त्याच बाजूने येत होता. मंदा म्हणाली, "वैनी बसवायच्या तसा बसवा. त्यांच्या पाठी." तेव्हा मला कळलं, सुलभा! तू त्याला नेहमी तुझ्या मागे का बसवायचीस ते. मी कितीदा तुला म्हटलं होतं, भाऊ आहे माझा, पुढे बसू दे की. तू एकदाही कारण सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस? की सांगितलं होतंस आणि मी पेपर वाचत होतो?

तो उजवीकडे सरकला. पाय लांब केले. पूजाने विचारलं, "कशी आहे, काका?" तर म्हणाला, "दिसायला भाकरीच्या डब्यावानी हाय. पन ठीक हाय."

तीच घेतली.

आज जीपने नेऊन त्याला आत सोडलं आणि तेवढ्या वेळात शोरूमला जाऊन गाडी ताब्यात घेतली. तिथे त्यांची पद्धत असते ना, गाडीवर कापड झाकायचं, मग ओढायचं, भलीमोठी खोटी किल्ली हातात द्यायची, फोटो काढायचा. पूजा हार घेऊन उभी. मी म्हटलं, "हार नको. नारळही नको." ती म्हणाली, "सर, फ्री आहे." मी सांगितलं, घरात वर्ष झालेलं नाही. तिने हार मागे नेऊन ठेवला आणि बाकीच्यांना टाळ्या वाजवू नका म्हणून सांगून आली. मागच्या फाटकातून गाडी काढून दिली. हात करून म्हणाली, "सावकाश जा, सर." गाडी घेतल्याचा आनंद झाला का, असं तू विचारशील. नाही झाला. वाईटही वाटलं नाही. आरशांची दिशा नीट केली आणि निघालो.

वसंता बाहेर आला, पाठ करून टेकला, पाय आत घेतले. मंदाने त्याच्या पायांवर शाल टाकली. किन्हवलीपर्यंत मी कुठेच बघितलं नाही, फक्त रस्त्याच्या कडेला. ती जाड खडीची साइडपट्टी आहे ना, तिथे चाक उतरू नये म्हणून. किन्हवली मागे पडल्यावर वाटलं, हा इतका गप्प का? आरशात बघितलं. मान एका बाजूला, तोंड उघडं. पाय आपोआप ब्रेकवर गेला माझा! श्रावणापासून पहिल्यांदा काहीतरी झालं आतमध्ये. मी गाडी बाजूला घेऊ लागलो, तर मंदाने ओठांवर बोट ठेवलं. हळूच म्हणाली, "झोपलेत."

"झोपतो नेहमी?"

"कदीच नाय. जीपमधी दांडा धरून बसायचे. वैनींबरोबर तर वाटभर तोंड चालूच असायचा. गाडीत झोपलेले मी आज पैल्यांदा बघते."

धसईला पोचलो तेव्हाही तो झोपलेलाच होता. दारापाशी न नेता अलीकडे सावलीत उभी केली. इंजिन बंद केलं, काचा खाली केल्या. मंदा चूल पेटवायला घरी गेली. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. मागून त्याचा श्वास ऐकू येत होता. आता रडू येईल असं वाटलं. आलं नाही. पण ऐकत राहावंसं वाटलं, आणि राहिलो. ऊन उतरेपर्यंत त्याला उठवलं नाही.

तू कोणती ठरवली होतीस, ते आता विचारणार नाही. वेगळी असेल तर रागावू नकोस.

वचन कसलं देऊ तुला? हसेन, पुन्हा पहिल्यासारखा होईन, यातलं काही देता येत नाही. खोटं लिहिलेलं तू लगेच ओळखायचीस. एवढंच सांगतो. वसंता जोवर उठून बसतोय, तोवर त्याच्या वाराला सकाळी मी धसईत असेन. त्याला माझ्या पाठीमागे बसवीन. आणि येताना तो झोपला, तर घर आलं म्हणून त्याला कधी उठवणार नाही.

मुरबाडहून,
तुझा अरविंद