सगळे वाचले, खलाशी सोडून

३ फेब्रु., सोम.
अबुधाबीच्या प्रदर्शनाचे फलक माझ्याच गळ्यात. अठराव्या शतकातलं इंग्रजी व्यापारी जहाज. थेम्सकाठी बांधलं, मुंबईचा कापूस चीनला नेला, मालक बदलला, नाव बदललं, शेवटी कोकणचे खलाशी घेऊन मस्कतहून येताना वादळात बुडालं. जुन्या नोंदीत ओळ: ‘सगळे वाचले, खलाशी सोडून.’ सोडून! म्हणजे ‘सगळ्यां’त आपली कोकणची माणसं धरलीच नाहीत. डोकं फिरलं. फलकावर अर्धीच ओळ आलीय, ‘सगळे वाचले’. पुढचं घालायचंच.

५ फेब्रु., बुध.
बाबा दाभोळहून आलेत, १५ला सकाळी परत. तेही खलाशी. काका त्यांच्याच बोटीवर होते, वादळात गेले. काकूकडे निरोप बाबांनीच नेला. त्यावर आजवर चकार शब्द नाही. त्यांना ती ओळ दाखवायचीय. कुणीतरी तुमची माणसं धरली, एवढंच.

७ फेब्रु., शुक्र.
छपाई बघणारा हानी, सुदानी, हिंदी मोडकीतोडकी. काल फोनवर बजावलं होतं, “लास्ट में खलाशी, हानीभाई, खलाशी!” त्याने ऐकलं खलास, म्हणजे झालं, संपलं. फाइल तशीच छापायला. “तुम बोला खलास, मॅडम!” ओरडले त्याच्यावर. बिचाऱ्याचं काय चुकलं? दुरुस्तीसाठी क्लायंटला मेल केलाय. इन्शाल्ला...

१३ फेब्रु., गुरु.
उद्घाटन. बाबा कडक इस्त्रीच्या शर्टात. जहाजाच्या मॉडेलपुढून हलेनात. “काय लिवलंय, सई?”
मी सांगायच्या आत माझी लेक वाचून मोकळी: “शिप सँक, आजोबा, बट एव्हरीवन वॉज सेव्ह्ड. सगळे वाचले.”
बाबांनी काचेवर हात ठेवला. “सगळे? बरं झालं. कुणाला कुणाच्या घरी निरोप न्यावा लागला नाय.”
मी मोबाइल काढून फलकाचा फोटो घेतला.
परतताना दुबईत अल नहदाला घर येईपर्यंत काकांबद्दल बोलत होते. काका डोलकाठीवर चढून शीळ घालायचे म्हणे. जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

१४ फेब्रु., शुक्र.
क्लायंटचा मेल: दुरुस्ती मंजूर, रविवारी नवा फलक. हानीचा फोन, “मुबारक मॅडम, अबी पक्का खलाशी!” हवं होतं तेच झालं. मग रडू का येतंय?
बाबा बॅग भरताना म्हणाले, “त्या बोर्डाचा फोटो दे गो. काकूला दाखवीन.”
फोटो माझ्या फोनमध्ये आहे. “देते,” म्हटलं. अजून दिला नाही.