दहा अंशांचा फरक

प्रिय अकू,

परवाचा आपला फोन फुकटातला, पण मला महाग पडला. रात्रीचं जेवण झाकलेलं तसंच राहिलं, तेव्हापासून तुझा आवाज नाही, आणि फ्रिज दुरुस्त करण्यात केस पिकलेल्या माणसाचं गणित चुकलं ते वेगळंच.

तू म्हणालीस, "अप्पा, शिकागोच्या थंडीला घाबरू नका, तुमच्या खोलीचा हीटर आणखी दहा डिग्रीने वाढवते." तुमच्याकडे फॅरनहाइट. मी लगेच तोंडी हिशेब केला: बत्तीस वजा, पाचाने गुणा, नवाने भागा. दहातून बत्तीस गेले, उणे बावीस. उत्तर आलं उणे बारा! म्हटलं, ही हीटर लावतेय की बर्फ पाडतेय? "गारठवून मारायला बोलावतेस काय गो मला? आणि मी एकटा कुठे आहे? अख्खी चाळ आहे माझी!" तू मोबाइलवर हात धरलास, तरी पलीकडून मनवा विचारत होती ते ऐकू आलंच, "आजोबा नाही म्हणाले?" कंप्रेसरचं दुखणं जिन्यातूनच ओळखणारे हे कान तेवढ्यापुरते बहिरे असते तर बरं झालं असतं. मी फोन ठेवून दिला.

काल परळला एका डेअरीत जुना फ्रीझर बघत होतो. त्याच्या तबकडीवर बाहेर फॅरनहाइट, आत सेल्सिअस. काटा बाहेरच्या बाजूला दहा घरं सरकला, आत जेमतेम साडेपाच. मी तिथेच स्टुलावर बसून तुझ्या हीटरचं पुन्हा मांडलं. समज, आधी अडुसष्ट होते, त्यातून बत्तीस गेले. मग अठ्ठ्याहत्तर झाले, त्यातूनही बत्तीस गेले. एकातून दुसरं वजा केलं की दोन्हीकडचे बत्तीस उडाले. उरले दहा, गुणिले पाच, भागिले नऊ. साडेपाच अंश, आणि तेही उबेचे! बत्तीस लागतात ते किती आहे हे सांगायला. किती वाढलं, याच्यात त्यांचं कामच नाही. डेअरीवाला धनेश घाबरला. "काका, तोंड का पाडलंत? फ्रीझर गेला काय?" म्हटलं, "फ्रीझर ठणठणीत आहे रे."

खरं सांगू? गणित बरोबर आलं असतं तरी परवा मी नाहीच म्हटलं असतं. तुझी आई गेल्यापासून या खोलीला कुलूप लावून निघायचं म्हटलं की हात धजत नाही. मागे कोणीतरी आत राहिलंय असं वाटतं. हे फोनवर बोलायला गेलो की मी चेष्टा करून निसटतो, म्हणून लिहायला बसलो. साडेपाच अंश मला पुष्कळ झाले. मनवाला सांग, आजोबा येतायत. इथे कोणाचा निरोप घ्यायचा राहिलेला नाही. चाळ नव्याने बांधायची म्हणून सगळे भाड्याच्या घरांत गेले. आमच्या मजल्यावर दिवाळीपासून मी एकटाच राहतो.

तुझाच,
अप्पा