काँटेसा विकणे आहे

३ मे १९९९
पोराने, हरिओमने, आज स्पष्टच सांगितलं. आप्पा, गाडीची शेड पाडून दोन खोल्या काढू. दहावीचा निकाल लागला की शिकवणीची पोरं खोल्या हुडकत लातूरभर फिरतात, आपणच मागं का? म्हणजे गाडी विकायची. मी ताबडतोब हो म्हणालो. मला कशाचा मोह नाही. दलाल नको. तीस वर्षं अडत केली, माल कसा खपवायचा हे मला कुणी शिकवू नये. आठ दिवसांत गाडी जाईल.

४ मे
पेपरला जाहिरात दिली. ‘काँटेसा. एकहाती. उत्तम निगा. रनिंग अत्यल्प.’ एक अक्षर खोटं नाही. त्र्याण्णवच्या भूकंपापासून चालवलीच नाही फारशी. झोपतो मात्र रोज तीत. चोरांचं भय. सूनबाई म्हणते, शेडला कुलूप, गेटला कुलूप, चोर यावा कुठून? शिवकन्या चांगली आहे, पण तिला व्यवहार कळत नाही. घराच्या स्लॅबला भिऊन मी आत झोपत नाही असं शेजारी सांगत असते. साफ चूक. स्लॅबखाली बसून दोन्ही वेळा जेवतो. भराभर जेवतो, एवढंच.

९ मे
पहिलं गिऱ्हाईक. निलंग्याचे संगप्पा, उसाचे बागायतदार. बॉनेट सोडून आधी मागचा दरवाजा उघडला. उशी, चादर, बॅटरी, तांब्या, शिट्टी. शिट्टी कशाला म्हणाले. चोरासाठी, म्हणालो. मग हसून म्हणतात, काका, गाडी विकायलात का खोली? पुढच्या सीटचं प्लास्टिक अजून निघालं न्हाई आन् मागच्या सीटला माणसाएवढा खड्डा! असल्या माणसाला गाडी देणं म्हणजे तीत कडबा भरणं. नाही दिली.

१६ मे
शेषेराव आले. त्यांच्या दोन शिकवण्या जोरात चालतात. गाडीची बॅटरी उतरली होती. सहा जणांनी कोपऱ्यापर्यंत ढकलली. तरी त्यांना पसंत. पण म्हणाले, टपाला भोकं पाडून भोंगा बसवतो, जाहिरात गावभर फिरली पाहिजे. त्या टपाला भोकं! सहा वर्षं ज्याच्या भरवशावर… म्हणजे रंग खराब होतो. नाही दिली. हरिओम रात्री अर्ध्या ताटावरून उठला. गुडघे फार दुखतात.

२ जून
दारात वाळू पडली, विटा पडल्या. गवंडी येऊन दोनदा परत गेला. ठराव : आता येईल त्याला गाडी द्यायची. मुळात माझी अडचण नाहीच, गिऱ्हाईकं बरी नाहीत.

६ जून
नांदेडचे रेणुकादास वकील आले. घासाघीस नाही. उशीबद्दल विचारलं नाही. दोन तास शोधूनही माणसात खोट सापडली नाही. बयाणा ठेवूनच उठले. उद्या गाडी न्यायची. मी अतिशय खूश आहे. जेवण गेलं नाही ते उन्हामुळे.

७ जून, नांदेड
गाडी समजावून द्यायला सोबत आलो. हरिओम म्हणाला, आप्पा, त्यांचा ड्रायव्हर आहे की! मलप्पाला वीस वर्षांचा अनुभव असेल, पण या गाडीचा नाही. दोन दिवसांचं काम आहे. वकिलीणबाईंनी पाहुण्यांची खोली उघडून दिली. पंखा आहे, मच्छरदाणी आहे, वर आणखी दोन मजले आहेत. छान खोली. पण नव्या जागी गाडीला एकटं सोडणं बरं नव्हे. तिच्यातच झोपलो.

११ जून
अजून ब्रेकचं बारीकसारीक सांगायचं राहिलंय. सकाळी मलप्पा काच वाजवून म्हणतो, काका, उठा की, सायबाला कोर्टात न्यायचंय. म्हटलं, ने, माझी ना नाही. वकीलसाहेब पुढं बसले. मी मागं आडवाच होतो. कोर्टाच्या आवारात त्यांच्या ओळखीच्यांनी विचारलं, पेशंट आहे का? मलप्पा म्हणाला, न्हाई, गाडीबरुबर आलेत.

१३ जून
वकीलसाहेबांनी सकाळीच हरिओमला फोन केला. मी तिथंच उभा होतो. म्हणाले, गाडी उत्तम आहे, तक्रार काही नाही, फक्त तुमच्या वडलांना तेवढं घेऊन जा.

हरिओम न्यायला आला, दुपारच्या एस.टी.ने दोघं निघालो. लोहा गेलं. उशी हरिओमच्या मांडीवर. अहमदपूरला चहा पाजला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, आप्पा, खोल्या दोनच्या तीन काढतो. एक तुमची. आन् वर स्लॅब नको, पत्रेच टाकू.

अंदाज चुकला असेल त्याचा, स्लॅबला सिमेंट पुरत नसेल. बिचारा उघड बोलेना. मी लगेच हो म्हणालो. पत्रा उन्हाळ्यात लई तापेल. पण पोरासाठी एवढं सोसावं लागतं.